गप्प बसायला शिकताना

मला गप्प बसता येत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर पडद्यावर दाखवण्यात आलं, तेही सगळ्या सहकाऱ्यांसमोर.

कोल्हापूरच्या आमच्या रुग्णालयात डॉक्टरांना शिकवायला शिकवण्याची कार्यशाळा होती. आम्ही पेशंट बरे करतो ते ठीक, पण हाताखालच्या निवासी डॉक्टरांना धड शिकवतो का, अशी वरच्यांना शंका आली होती. ती फिटावी म्हणून आम्हा सगळ्या प्राध्यापकांना आठवडाभर सभागृहात कोंडलं होतं. मी मेडिसिनची. सकाळी वॉर्डाचा राउंड उरकायचा, घामाघूम होऊन खाली यायचं आणि एसीत बसून मोठी माणसं कशी शिकतात यावर भाषण ऐकायचं. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला. शेजारी बसलेला माझा सर्जन मित्र तर चक्क घोरत होता.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी माझ्याच राउंडचा व्हिडिओ लावला. ते बाहेरगावाहून आलेले निवृत्त प्राध्यापक होते, आवाज मऊ, चेहरा शांत. पडद्यावर मी एका पेशंटच्या पोटावर हात ठेवून विचारत होते की याची पानथरी का वाढली. समोरच्या मुलाने तोंड उघडायच्या आत मीच उत्तर देत होते, वर आणखी त्याला झापत होते की एवढंही येत नाही. पुढच्या खाटेवर तेच, त्याच्या पुढच्या खाटेवरही तेच. सभागृहात खसखस पिकली. प्रशिक्षक म्हणाले, मॅडम प्रश्न फार चांगले विचारतात, पण उत्तराला जागाच ठेवत नाहीत. मला राग आला, कारण ते खरं होतं.

मग त्यांनी मला एकच गोष्ट शिकवायची ठरवली. प्रश्न विचारला की तोंड मिटायचं. मनात सावकाश आकडे मोजायचे. कुणीतरी बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, मान हलवायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. बोलणारा चुकला तरी लगेच दुरुस्त करायचं नाही. सभागृहात सहकाऱ्यांना विद्यार्थी करून मी सराव केला आणि प्रत्येक वेळी नापास झाले. सर्जन मित्र म्हणाला, तू गप्प बसलीस तर आम्ही तुझी नाडी बघायला धावू.

माझ्या आवाजाची वॉर्डात ख्याती आहे. नातेवाइकांचं प्रत्येक वॉर्डात आपापलं एक शास्त्र असतं. कुठली खाट लाभते, कुठल्या दिवशी घरी न्यावं, कुठल्या डॉक्टरचा हात हलका आहे, हे सगळं जुने नातेवाईक नव्यांना जिन्यात बसून सांगतात. माझ्याबद्दलचं शास्त्र मला एकदा आमच्या सिस्टरांनी हसत हसत सांगितलं होतं. बाई ज्याच्यापाशी ओरडतात तो माणूस जगतो, आणि बाई गप्प झाल्या की गावाकडं गाडी सांगायची. मीही हसले होते. पण विचार केला तर त्यात खोटं काही नव्हतं. जिथं करण्यासारखं काही असतं तिथंच मी ओरडते. रक्त का पाठवलं नाही, कुशीवर का वळवलं नाही, सलाइन कुणी बंद केलं. जिथं हात टेकले तिथं कुणावर आणि कशासाठी ओरडणार?

त्या आठवड्यात माझ्याकडे गडहिंग्लजच्या पुढची, नेसरीकडची एक बाई होती. चाळिशीची, घरी दोन म्हशी, डेअरीला दूध घालून येताना पायऱ्यांवर तिचे पाय लटपटले. दुसऱ्या दिवशी उभं राहता येईना. आमच्याकडे आली तेव्हा हातांतलंही बळ जायला लागलं होतं. शरीरच आपल्या नसांवर उलटतं असा हा आजार. पायांपासून वर चढतो, छातीपर्यंत आला तर श्वास घेता येत नाही. पण त्याचं एक चांगलं आहे. तो चढतो तसा उतरतोही. मधल्या काळात श्वासाला मशीनचा आधार दिला तर बहुतेक माणसं पुन्हा चालायला लागतात. हा आजार असलेला पेशंट बघताना मला मनातून उभारी असते.

तिचं औषध सुरू झालं होतं. रोज सकाळी मी तिला एका श्वासात आकडे म्हणायला सांगायचे. किती आकड्यांवर दम तुटतो यावरून छातीतलं बळ कळतं. तिचा नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा राहून तिच्याबरोबर ओठ हलवायचा. मनानं मवाळ माणूस. मी त्याला पहिल्याच दिवशी दरडावून सांगितलं होतं की आजार अजून चढेल, मग उतरेल, रडत बसायचं नाही. मी ओरडल्यावर तो निवांत झाला होता.

चौथ्या दिवशी आमची खरी परीक्षा होती. प्रत्येकाने आपल्या वॉर्डात, खऱ्या पेशंटसमोर शिकवायचं आणि प्रशिक्षक मागे उभे राहून बघणार. मी हिचीच खाट निवडली, कारण शिकवायला इतका चांगला आजार दुसरा नव्हता. त्या सकाळी गावाहून तिचे थोरले दीर आले होते. पांढरी टोपी, सरळ कणा, घरात यांचाच शब्द चालत असणार हे बघताक्षणी कळत होतं. नवरा त्यांना अण्णा म्हणत होता. मी त्यांच्याशी बोलले नाही. पाठीमागे प्रशिक्षक उभे होते आणि माझं सगळं लक्ष आपलं तोंड मिटलेलं ठेवण्यात होतं.

मी तिची तपासणी केली. आकडे आदल्या दिवशीपेक्षा कमी आले, तसे येणारच होते. मग मुलांकडे वळून विचारलं की हिचं पुढे काय होणार, सांगा. आणि गप्प झाले.

पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर मुलगी, जिच्याकडे ती खाट होती, आपल्या पायांकडे बघायला लागली. बाकीचे एकमेकांकडे. उत्तर सोपं होतं, माझ्या जिभेवर नाचत होतं. मी मनात आकडे मोजत राहिले. पंखा फिरत होता, कुणाचा तरी स्टीलचा डबा खाली पडून गडगडत गेला. खाटेवरची बाई आमचे चेहरे एकेक करून बघत होती. तिच्या मानेतलं बळ गेलं होतं, नुसते डोळे फिरत होते. नवऱ्याने खाटेचा दांडा घट्ट धरला. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, उकडत असेल.

शेवटी त्या मुलीने खाली मान घालून इंग्रजीत, पुटपुटत उत्तर दिलं. बरोबर होतं. मला शिकवल्याप्रमाणे मी बरोबरही म्हटलं नाही आणि चूकही नाही. पुढचं बाहेर बोलू, एवढं म्हणून सगळ्यांना घेऊन निघाले. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खाली सभागृहात प्रशिक्षकांनी माझं कौतुक केलं. एवढी थांबलेली मॅडम आम्ही पहिल्यांदाच पाहिली, असं सगळे म्हणाले. सर्जन मित्राने उठून टाळ्या वाजवल्या. कार्यशाळेत मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवायचा नियम होता, तिथं माझा फोन वाजून वाजून थकला होता. मला आनंद झाला होता.

जेवणाच्या सुट्टीत फोन हातात घेतला तर सिस्टरांचे कॉल. धावत वर गेले. खाट रिकामी होती, चादरसुद्धा काढलेली. सिस्टर म्हणाल्या की त्यांनी स्वतः हातापाया पडून सांगितलं, पण अण्णा ऐकेनात. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही केली आणि गाडी करून गेले. नवरा नुसता रडत होता. जाताना अण्णा म्हणाले होते, "बाईच गप बसल्या, आता कोण काय करणार? श्वास हाय तंवर घरच्या उंबऱ्यात न्हेतो."

मी तिथल्याच स्टुलावर बसले. आमच्याकडे हे नवं नाही. माणूस हाती लागत नाही असं दिसलं की लोक त्याला घरी नेतात, परक्या ठिकाणी जीव जाऊ नये म्हणून. ती त्यांची माया असते. पण ही बाई मरणारी नव्हती. तिचं औषध अर्धवट होतं, आजार चढणीवर होता आणि तिचा श्वास रस्त्यात, नाहीतर घरात, सगळ्यांच्या देखत हळूहळू थांबणार होता. आणि हातात तुळशीचं पान घेऊन ते सगळे ते बघत बसणार होते.

नवऱ्याचा फोन लागेना. लागला तेव्हा कट झाला. गडहिंग्लजला माझा एक जुना विद्यार्थी डॉक्टर आहे, त्याला सांगून तिथून रुग्णवाहिका त्या गावाला पाठवायला लावली आणि त्या पहिल्या वर्षाच्या मुलीला घेऊन माझ्याच गाडीने निघाले. कुणाला विचारलं नाही. ती मुलगी मांडीवर हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी घेऊन शेजारी बसली होती आणि रडत होती. मी तिला म्हटलं, रडायचं असेल तर कागलला उतर.

उसाचे दिवस. हायवेवर कागल, निपाणी झटपट गेलं, पण गडहिंग्लजच्या रस्त्याला लागलो आणि पुढे ट्रॅक्टर. दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वर ऊस बाहेर लोंबतोय, टेप फुल्ल आवाजात. एकाला ओलांडावं तर पुढे दुसरा. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. त्या रस्त्यावर मी प्रशिक्षकांना शिव्या घातल्या, ट्रॅक्टरवाल्यांना घातल्या, टोपी काढून उभ्या राहिलेल्या अण्णांना घातल्या. मग शिव्या संपल्या. रस्ता संपत नव्हता. माझ्या मनात एकच चित्र होतं, ती बाई डोळे उघडे ठेवून पडली आहे, तिला सगळं कळतंय, ओरडायचं आहे आणि आवाजाला हवा पुरत नाही. इतकं हतबल मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

गावात शिरल्यावर घर विचारावं लागलं नाही. माणसं जमली होती. अंगणात पुरुष उकिडवे बसलेले, घराच्या पुढच्या सोप्यात बायका. मधोमध घोंगडीवर तिला उताणी झोपवलेली, उशाशी पाण्याचा तांब्या. तिचे डोळे उघडे होते. मी खाली बसले आणि तिला आकडे म्हणायला सांगितले. चारावर दम तुटला.

अण्णा पुढे आले आणि आता कशाला आला म्हणाले, तिला सुखानं जाऊ द्या. मी आधी त्यांना समजावून सांगायला लागले, कार्यशाळेत शिकवतात तसं, हळू आवाजात, त्यांच्या डोळ्यांत बघत. आजार चढतो, मग उतरतो. मशीनचा आधार लागेल. ते ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. तेवढ्यात एका बाईने चमच्याने तिच्या तोंडात पाणी घातलं आणि ती ठसकली, खोकायलाही जोर नाही असं ठसकली. माझा तोल गेला. हिला पाणी कुणी पाजलं, छातीत गेलं तर मारून टाकाल तिला, उताणी कुणी झोपवलं, कुशीवर घ्या, दार अडवून काय बसलाय, वारा येऊ द्या, असं मी सगळ्या सोप्याला झोडपून काढलं. आवाज अंगणाबाहेर गेला असेल. पाणी पाजणारी बाई चमचा टाकून बाजूला सरकली. नवऱ्याने तोंडावरचा टॉवेल काढला आणि माझ्याकडे बघायला लागला.

अण्णा म्हणाले, "आता बोलाय लागलासा की ओ बाई. मग तवा का गप बसलासा? आमी काय समजायचं?"

मी खरं ते सांगितलं. ते गप्प बसणं मुलांसाठी होतं. त्यांनी डोकं चालवावं, त्यांनी बोलावं, म्हणून मोठ्या डॉक्टरने गप्प बसायचं असतं. शिकवण्याची रीत आहे ती. "तुमच्यासाठी नव्हतं ते," मी म्हणाले, "पोरांसाठी होतं."

 अण्णांना ते पटलं की नाही, मला माहीत नाही. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि घोंगडीचं एक टोक उचललं. दुसरं नवऱ्याने उचललं.

परतीच्या वाटेवर मी गडहिंग्लजहून आलेल्या रुग्णवाहिकेत तिच्याजवळ बसले आणि बोलत राहिले. तिला सगळं ऐकू येत होतं. निपाणी सोडल्यावर तिचा श्वास पुरेनासा झाला, तेव्हा ती मुलगी तिच्या तोंडावर मास्क दाबून पिशवी दाबायला लागली. मी तिला प्रश्न विचारत होते आणि उत्तरंही मीच देत होते. पिशवी किती दाबायची, मान कशी धरायची, पोट फुगत नाही ना हे कसं बघायचं. मुलीचे हात भरून आले की मी घ्यायचे, माझे भरून आले की ती. नवरा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. बोलणं थांबलं की तो जागेवरून अर्धा उठायचा, म्हणून मी थांबलेच नाही. कोल्हापूर आलं तेव्हा माझा घसा बसला होता, पण ती जिवंत होती. अतिदक्षता विभागात नळी घातली, मशीन लावलं, आणि मी जिन्यात जाऊन रडले.

त्यानंतर औषध पूर्ण केलं. काही दिवसांनी तिच्या पायाचा अंगठा हलला. मी तो मुलांना बोलावून बोलावून दाखवला. नवऱ्याने अण्णांना फोन करून सांगितलं, म्हशींच्या चाऱ्याचंही बघा म्हणाला. आता बायको घरी येणार म्हणून त्याचं डोकं पुन्हा गोठ्याकडे वळलं होतं. माझं कार्यशाळेचं प्रमाणपत्र त्याच सुमारास आलं. ते मी कपाटात टाकलं.

मग ताप आला. छातीत जंतुसंसर्ग. मशीनवर असलेल्या माणसाला तो कसाही होतो. सोप्यात पाजलेल्या पाण्याने झाला, रस्त्यात झाला की आमच्याच नळीतून झाला, हे मला कधीच कळणार नाही. एकामागून एक औषधं बदलली. रक्तदाब उतरायला लागला, तो वर धरून ठेवायला आणखी औषधं. किडन्यांनी काम सोडलं. पायाचा अंगठा हलत होता आणि बाई हातातून निसटत होती.

नवरा काचेबाहेर बसून असायचा. आत माझा आवाज चढला की ताठ व्हायचा, हे मला दिसत होतं. म्हणून मी ओरडत राहिले. रिपोर्ट कुठं आहेत, नळी साफ का केली नाही, डोकं उंच का नाही. रिपोर्ट आलेले असायचे, नळी साफ असायची. एकदा ती पहिल्या वर्षाची मुलगी हळूच म्हणाली, मॅडम, हे झालंय. मला ठाऊक होतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी गप्प झाले तर तो काय समजेल, याची मला भीती वाटत होती, आणि तो जे समजेल ते आता बरोबरच असणार होतं.

मग एका सकाळी नवऱ्याला आत घेतलं. आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो, मुलं तीच, जागा तशाच. मशीनवरचे आकडे बघितले, औषधांच्या पंपांकडे बघितलं. आणखी वाढवायला काही उरलं नव्हतं. मी ओरडायला तोंड उघडलं. कशावरून ओरडावं, ते शोधलं. काही सापडलं नाही.

वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगावी, यावर कार्यशाळेत एक अख्खी दुपार होती. आधी खुर्ची द्यावी, त्यांना काय माहीत आहे ते विचारावं, मग हळूहळू सांगावं. मला त्यातलं एक वाक्य आठवेना. मी नुसती उभी राहिले.

नवरा आमचे चेहरे एकेक करून बघायला लागला, त्या दिवशी त्याची बायको बघत होती तसा. माझ्यापाशी येऊन थांबला.

"बाई," तो म्हणाला, "ह्ये गप बसणं पोरांसाठी हाय, का आमच्यासाठी?"

मी म्हणाले, "तुमच्यासाठी."

त्याने मान हलवली. तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला आणि अण्णांना गाडी घेऊन या म्हणून सांगायला बाहेर गेला.